ट्रालीवरची जागा

साऱ्या जवानीभर म्या दहाचाकी गाडी हाकली. कापूस वाह्यला, सोयाबीन वाह्यलं, वनीकडचा कोयसा वाह्यला. घाट उतरलो, पुरातून गाडी काढली, पन गाडी कधी उलटू देल्ली नाई. अन् म्हातारपनी एका गाडीनं उलटून उलटून माही इज्जत घालवली. ते गाडी केवढी? आमच्या घरच्या मांजरीपेक्षा जराशी मोठी. मांजर तिले भेत बी नव्हती. तिच्या हौद्यात बसून झोपे.

झालं असं का माह्या डाव्या गुडघ्यानं राजीनामा देल्ला. डावा पाय म्हंजे क्लच. क्लच दाबला का डोयात पानी. डॉक्टर म्हने, "आता गाडी सोडा." म्या म्हनलं, "सायेब, दुसरं मले काई येत नाई. शाळा म्या पाह्यली ते रस्त्यावरून जाता जाता." पन गुडघा काई आयकत नव्हता. गाडी इकली अन् ओट्यावर बसलो. ओट्यावर बसून बायकोले सांगत जाओ, चूल अशी सरकव, घागर डावीकडून आन. चवथ्या दिवशी ते म्हने, "तुमाले काई तरी चालवायले पाह्यजे बाप्पा. नाईतं तुमी मलेच गिअर टाकून राह्यले."

मंग भाई आला.

भाई म्हंजे माहा जुना किलीनर. मिशी फुटाच्या आंधी माह्या गाडीवर आलता. गाडी धुयाची, टायर ठोकून पाहाचे, अन् रिव्हर्स घेतानी मांगं उभं राहून हाका माराच्या, हे त्याचं काम. पुढं त्यानं दारव्ह्याले मोटरी भराचं दुकान टाकलं. पंखे, मिक्सर, विहिरीवरचे पंप, जयलेलं काईही आना, तार काढून नवीन तार भरून देनार. दुकानावर त्याले सारे भाई म्हनत, अन् मले तो अजून उस्ताद म्हने. उस्ताद म्हनवून घ्याची माही लायकी तुमाले पुढं दिसनच.

त्याच्या हाकाचं सांगतो, कारन साऱ्या गोष्टीचा खिया तिथंच ठोकला हाये. गाडी मांगं घेतानी किलीनर डावं-उजवं म्हनत नाई. तो म्हनते, "डायवर साईड" नाई तं "किलीनर साईड". गाडी कोनीकडं तोंड करून असो, डायवरची बाजू डायवरचीच राह्यते. त्यात चूक होत नाई. अन् भाईची एक सवय होती. त्याचा "बस" नेहमी हातभर आधी येत जाय. मारेगावच्या जिनिंगात कापूस खाली कराले गाडी लावो, तं मांगं भिंत. भाई हाका मारे, "आन दे, आन दे, डायवर साईड, आन दे... बस!" अन् गाडीच्या मांगच्या झडपेवर, म्हंजे फायक्यावर, एक थाप. थाप पडली का माहा पाय आपोआप ब्रेकवर. खाली उतरून पाहो तं भिंतीले अजून हातभर जागा.

म्या चिडवो, "काय बे, अजून हातभर जागा होती."

तो म्हने, "उस्ताद, ते हातभर जागा माही हाये. मी उभा असतो तिथं."



तं तो भाई आला, मले उचललं अन् स्कूटरवर मांगं बसवून गावाभाईरच्या जुन्या जिनिंगात नेलं. कापसाचा हंगाम सरला का जिनिंगाचं आवार रिकामं. शेठजी भले मानूस, कुलपाची किल्ली भाईजवय देऊन ठेवली होती. आवारात मुरूम टाकलेला, म्हनून पान्यातही चिखल कमी. मंधात एक जुनी ट्राली उभी, टॅक्टरची, चाकं गेलेली, इटावर ठेवलेली. त्या ट्रालीवर चार-पाच मोठे मोठे मानसं हातात रिमोट घेऊन उभे, अन् खाली मुरमावर खेयन्यातले ट्रक भन्नाट पळून राह्यले. धूळ उडवत, बारदान्याच्या ढिगावरून उड्या मारत.

मले वाटलं, भाईले दुकानात शॉक लागला अन् मले बी घेऊन जाऊन राह्यला.

पन मानसं साधे नव्हते. एक जिल्हा परिषदेचे गुरुजी, गयात शिट्टी. एक ढोराचे डॉक्टर, त्यायची गाडी नागपूरवरून आनलेली, लाल चकचकीत. दुसरे दोघं बाजारात दुकानवाले. क्लब म्हनत ते त्याले. दर इतवारी सकायी शर्यत. ट्रालीवर सहा मानसं मावत, म्हनून क्लबात सहा. सहावी जागा खाली होती, कारन एकाची बदली झालती.

"उस्ताद, ते तुमची," भाई म्हने. अन् त्यानं पिशवीतून गाडी काढली. त्यानंच बनवलेली. मोटर त्यानं सोता भरली, हौदा तेलाच्या पिप्याच्या पत्र्याचा, निया रंग, जसा माह्या गाडीचा होता तसाच. मांगं फायक्यावर लहान्या लहान्या अक्षरात काई तरी लिवलेलं. म्या विचारलं, काय लिवलं? तो म्हने, "उस्तादले वाचता येत नाई." मले वाटलं गंमत करते. गुरुजीले विचारलं. खरंच तेच लिवलं होतं.

गुरुजीनं नेम सांगतले. शर्यत सहा फेऱ्याची. दर इतवारी पायीपायीनं एक जन खाली राह्यते, गाडी उलटली का तो उभी करून देते. निरा उभी कराची, ढकलाची नाई. तीनदा उलटली का बाद. अन् शेवटचा नेम सांगतानी ते माह्याकडं पाह्यत होते का नाई मले मालूम नाई: तान्ह्या पोयाले क्लबाचं साल सरते. तवापर्यंत ज्याची एक बी शर्यत पुरी झाली नाई, त्यानं पुढचं सारं साल खाली राहाचं. त्याची ट्रालीवरची जागा दुसऱ्याले. अन् दुसरा तयारच होता. तहसीलचे बाबू. दर इतवारी नवी गाडी काखेत घेऊन येत, ट्रालीच्या खाली उभे राहून जागेकडं असे पाहात, जसं एसटीत उभं राह्यलेलं मानूस बसलेल्याकडं पाह्यते.

म्या हासलो. म्हनलं, "गुरुजी, मी डायवर हावो. तुमीच सांभाळून राहा."

डॉक्टर म्हने, "काका, तुमी आम्हाले शिकवा जरा."

"शिकवतो ना," म्या म्हनलं.

शिट्टी वाजली. म्या पह्यलं काम केलं ते क्लच दाबला. ट्रालीच्या तयाच्या पाटीवर असा डावा पाय हानला का गुरुजीचा चिवड्याचा डबा खाली पडला, अन् माहा गुडघा असा कुरकुरला का डॉक्टर ढोराचे असूनही त्यायले कयलं. गाडी सरक्यावर, म्हंजे सीध्या पट्ट्यावर, गेली भन्नाट, म्या मनात म्हनलं वा रे पठ्ठ्या. मंग वयन आलं. गाडी वयली अन् माह्याकडं तोंड करून आली. तिथं घात झाला. कारन जलमभर मी गाडीच्या आत बसलो होतो. गाडी माह्या समोरून माह्याकडं येते, हे म्या कधी पाह्यलंच नव्हतं. अन् समोरून येनाऱ्या गाडीचं डावं ते माहं उजवं. म्या डावीकडं वयवलं, ते उजवीकडं गेली. मी अजून डावीकडं, ते अजून उजवीकडं. बारदान्यावर चढली अन् चारही चाकं आभायाले.

ते दहा मिन्टात तीनदा झालं. दुकानवाल्यायचे पोरंसोरं सुद्धा नीट चालवत, कारन ते कधी डायवर नव्हते. साऱ्या क्लबात डायवर मी एकटा, अन् म्हनून चालवता न येनारा बी मी एकटा.

मंग पुढच्या इतवारी म्या अक्कल लढवली. गाडीच्या मांगं मांगं राह्यलं का डावं-उजवं बराबर राह्यते. म्हनून ट्रालीवरून उतरलो अन् रिमोट घेऊन गाडीच्या मांगं लंगडत पयालो. गाडी मोटरनं पयते, मी एका गुडघ्यानं. गाडी फेरी मारून पाठीमांगून आली, माह्या दोन्ही पायाच्या मंधातून निघाली, अन् मी खाली. गुरुजीनं शिट्टी वाजवली. म्हने, "काका, गाडी नाई उलटली, पन तुमी उलटले. हे कशात मोजाव?"

भाई त्या दिवशी खालचा होता. त्यानं आंधी गाडी उभी केली, मंग मले.

असा उन्हाया गेला, पानकाया लागला. माही एक बी शर्यत पुरी होयना. घरी जाओ तं बायको दारातच. "काय, आज किती पलट्या?" म्या म्हनो, "दोन." ते गाडीच्या टपाकडं पाहे, पोचे मोजे अन् म्हने, "खोटं बोलता. तीन." पन एक सांगतो. इतवारी सकायी ते माही पँट धुऊन, टोपी झटकून ठेवत जाय. बऱ्याच दिवसानं घरातून कोनी तरी "गाडीवर चाललो" म्हनून निघून राह्यलं होतं. अन् मलेही त्या ट्रालीवर उभं राह्यलं का बरं वाटे. उंचावर, जसं कॅबिनात. खालचं सारं जग जराशं लहान. रस्ता आपला वाटे. ते जागा गेली असती तं पुन्हा ओटा होता, अन् ओट्यावरून चूल डावीकडं सरकवनं होतं.

पोया जवय आला. उरली एक शर्यत, तान्ह्या पोयाची.

आता इकडचे नाई त्यायच्यासाठी सांगतो. पोयाच्या आदल्या सांजी बैलाची खांदमयनी राह्यते. जू वाहून वाहून खांदा सुजते, म्हनून हयद अन् लोनी लावून तो चोयतात, अन् बैलाच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पोयाच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोया, त्यात लेकरं आपापले लाकडी बैल सजवून आनतात. आमच्या क्लबानं त्या दिवशी गाड्या सजवून शर्यत लावाची, असं ठरवलं होतं.

खांदमयनीच्या सांजी मी ओट्यावर गाडी घेऊन बसलो होतो. शेजारी बैलाचे खांदे चोयून राह्यले. बायको म्हने, "आपल्या दारात तं बैल नाई. बाबांच्या टायमाले चार होते."

म्या म्हनलं, "हे हाये ना. सालभर उलटते, थकली असन."

तिले वाटलं गंमत. पन वाटी आनली तिनंच. हयद, लोनी, वरून जरासं तेल. आता गाडीचा खांदा कुठं? म्या डोस्कं चालवलं. वजन पेलते ते खांदा. गाडीचं वजन पेलतात चाकं. म्हनून चारही टायर म्या चोयले. चोयले म्हंजे कसे, दाताच्या फटीफटीतून, अंगठ्यानं दाबून. बायकोनं गाडीच्या टपाले गेरू लावला, मोत्याच्या माया घातल्या, अन् तिच्या बाजूच्या आरशाले कान समजून तिथं तोंड नेऊन सांगतलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये. अन् माय, परवा उलटू नको, म्हातारा रडन."

म्या म्हनलं, "मी कायले रडतो?"

"मीच रडन मंग," ते म्हने, अन् वाटी घेऊन आत गेली.

तान्ह्या पोयाच्या सकायी जिनिंगात जत्रा. लेकरं लाकडी बैल घेऊन आले. कोनाचा बैल ईतभर, कोनाचा चाकावरचा, पाठीवर झूल, शिंगाले बेगड. त्यायनं सारे बैल चुन्याच्या रेघेच्या पलीकडं रांगेनं मांडले. ते चुन्याची रेघ म्हंजे आमची शर्यत सराची जागा. बायाही आलत्या. माही बी आलती, पदराआडून पाहून राह्यली. बाबू नवा सदरा घालून, गाडी काखेत धरून, ट्रालीले टेकून उभे. एक पाय त्यायनं आधीच ट्रालीच्या पाटीवर ठेवला होता. त्या दिवशी खाली राहाची पायी भाईची होती.

माह्या गाडीकडं पाहून डॉक्टर म्हने, "काका, तुमची गाडी नवरी दिसून राह्यली. हयद कोनं लावली?"

"खांदमयनी केली," म्या म्हनलं.

भाईनं टायरले बोट लावलं. बोटाकडं पाह्यलं. माह्याकडं पाह्यलं. "उस्ताद," तो म्हने, "टायरले लोनी?"

"थकली होती बे."

"अन् रस्ता कशानं धरन ते?"

तवा माह्या डोस्क्यात उजेड पडला. सारी जवानी टायरावर काढलेला मानूस मी. रस्त्यावर डिझेल सांडलं दिसलं तं दुरूनच गाडी हळू करनारा. अन् सोताच्या हातानं सोताच्या टायरले लोनी चोयून आनलं. भाई आपल्या रुमालानं पुसाले लागला, तवर शिट्टी वाजली.

बाकीच्या गाड्या निघाल्या. माही जागीच नाचली. चारही चाकं फिरून राह्यले, गाडी तिथंच, जशी लग्नातली घोडी. मंग कशी तरी निघाली ते आडवी निघाली. पह्यल्या वयनावर उलटली. भाईनं उभी केली. दुसऱ्या फेरीत माह्याकडं तोंड करून आली, म्या सवयीनं उलटं वयवलं, ट्रालीच्या इटाले धडकून उलटली. भाईनं उभी केली. आता एक बाकी. तिकडं डॉक्टरची लाल गाडी माह्या गाडीले दोनदा मांगं टाकून गेली. बाबूनं दुसरा पाय बी पाटीवर ठेवला.

भाई गाडीजवय उकिडवा बसला होता. तिथूनच त्यानं हाक मारली, "उस्ताद! गाडीकडं पाहू नका. मले आयका."

"काय?"

"डोये मिटा म्हन्तो ना. आन दे!"

म्या डोये मिटले. खोटं कायले सांगू, पुरे मिटले नाई, पन जमिनीकडं पाह्यलं. अन् ते हाक आली. कित्येक सालानं आली. "आन दे, आन दे. डायवर साईड... अजून डायवर साईड... सीधा. आन दे. आता किलीनर साईड काप... बस बस, सीधा." भाई गाडीच्या समोर उलटा चालून राह्यला, थापेऐवजी टाया वाजवत. अन् माहे हात सोताहून फिरून राह्यले. गाडी समोर येवो का मांगं जावो, डायवर साईड म्हंजे डायवर साईड. डावं-उजवं हा तंटाच मिटला. मले जिनिंगची भिंत दिसत होती, कापसाचा वास येत होता, ओठावर धूळ. मी ट्रालीवर नव्हतोच. मी माह्या गाडीत होतो.

तिसरी फेरी झाली, चवथी झाली. डॉक्टर पह्यले आले, टाया वाजल्या. दुसरे आले, तिसरे आले. मंग साऱ्यायच्या गाड्या थांबल्या अन् मुरमावर माही एकटी निई गाडी, गोगलगायीवानी, अन् तिच्या समोर उलटा चालनारा भाई. लेकरं ओरडाले लागले, "आन दे! आन दे!" बाया हासून राह्यल्या. पाचवी झाली. बाबूनं एक पाय खाली घेतला.

सहावी फेरी. शेवटचा सरका. भाई मांगं मांगं सरकत येऊन राह्यला, त्याच्या पाठीशी चुन्याची रेघ, रेघेच्या पलीकडं लाकडी बैलायची रांग. "आन दे, आन दे, सीधा, आन दे..." त्याची टाच रेघेवर टेकली. मांगं बैलाचं शिंग त्याच्या पोटरीले लागलं. मांगं सरकाले जागा नाई.

"बस!" अन् टायी.

म्या थांबवली. जागच्या जागी. माहा पाय बी ट्रालीच्या पाटीवर बसला, ब्रेक.

 म्या मान वर केली. गाडीच्या नाकापासून चुन्याची रेघ हातभर.

मंग गलका झाला. "अहो काका, घ्या ना पुढं!" "भाई, बाजूले सरक!" पन भाई तसाच हात वर करून उभा, अन् मी त्याच्या हाकेची वाट पाह्यत उभा. सारी जिंदगी त्याच्या "बस"नंतर म्या गाडी कधी पुढं घेतली नव्हती. आता कशी घिऊ? भाईले समजलं तवा तो उडी मारून बाजूले झाला. "आन दे उस्ताद, आन दे!" म्या दाबलं. चाकं एकदा फिरले, लोन्यानं घसरले, कुंईऽ असा आवाज झाला अन् सेल संपला.

डॉक्टर माह्या कानात म्हने, "काका, सांगा त्याले बोटानं सरकवाले. कोनी पाहून नाई राह्यलं."

सारं गाव पाहून राह्यलं होतं. लाकडी बैल सुद्धा.

भाई खाली वाकला होता. त्याचा हात गाडीच्या मांगं आला होता. म्या म्हनलं, "भाई, हात नोको लावू."

"उस्ताद, हातभर तं हाये."

"म्हनूनच म्हन्तो. ते जागा तुही हाये."

तो तसाच मुरमावर बसला. मंग त्याले असं हासू फुटलं का डोयातून पानी आलं, अन् त्याले पाहून मले. आम्ही काहून हासून राह्यलो ते कोनाले कयेना. गुरुजीनं शिट्टी ओठाले लावली अन् वाजवलीच नाई. मी ट्रालीवरून उतरलो. बाबू वर चढाले लागले तं त्यायचा पाय सटकला, कारन शर्यतीच्या आंधी गाडी पाटीवर ठेवली होती, तिथं बी माहं लोनी लागलं होतं. म्या हात देल्ला अन् वर घेतलं.

घरी जातानी बायकोनं गाडी पदराखाली धरली. दारात आल्यावर म्हने, "उलटली तं नाई ना शेवटी." हे तिचं बक्षीस.

पुढचं साल म्या खाली काढलं. लोकायले वाटे म्हाताऱ्यावर वाईट बेतली. पन मले खाली गमे. उलटलेल्या गाड्या उभ्या कराच्या, वयनावर बसाचं, डॉक्टरले डिवचाचं. भाई ट्रालीवर उभा राह्यला का वरून हाक मारे, "उस्ताद, जरा पाहा बरं, किलीनर साईड जागा हाये का?" त्याले कायची गरज! एका हातानं तो चालवे. पन विचारे. अन् त्याची गाडी नाकासमोर धावून आली का मले बी वाटे आता पायावर येते. तवा मी हात वर करो, "बस!" अन् भाई थांबवे. त्यात तो बऱ्याच शर्यती हारला. गुरुजीनं नवा नेम काढला का खालच्यानं तोंड बंद ठेवाचं. तो नेम काई टिकला नाई.

आता ते जिनिंग नाई. तिथं प्लॉट पाडून ले-आउट टाकलं. ट्राली भंगारात गेली, गुरुजी आपल्या गावी गेले, डॉक्टरची बदली झाली. भाई दुकान पुतन्याले देऊन पोराकडं नागपूरले राह्यते. निई गाडी आमच्या टीव्हीवर बसली हाये. टायरच्या फटीतली हयद अजून पिवयी हाये. मांजर म्हातारी झाली, आता हौद्यात मावत नाई, निरं डोस्कं ठेवून झोपते.

औंदा पोयाले भाई आलता. आम्ही दोघं जिनिंगकडं पायी गेलो, म्हंजे ले-आउटकडं. ट्राली कुठं होती यावर भांडलो. तो म्हने कडुनिंबाजवय, मी म्हनो विजेच्या खांबाजवय. तेवढ्यात एक टिपर गिट्टी टाकाले आला. नवीन घराच्या कंपाउंडची भिंत, तिच्याकडं पाठ करून तो मांगं येऊन राह्यला. पोट्टा डायवर एकटाच. किलीनर नाई, निरा टू-टू वाजनारा भोंगा.

भाईनं भांडन तिथंच सोडलं. अन् चालाले लागला. भिंत अन् टिपरच्या मंधात जाऊन उभा राह्यला, आपल्या जागेवर.

"आन दे," तो म्हने. आवाज बारीक झाला हाये आता. "आन दे, आन दे. डायवर साईड... सीधा... बस!" अन् फायक्यावर एक थाप.

माहा डावा पाय मुरमात रुतला, मंग ध्यानात आलं का ब्रेक उजव्या पायाले राह्यते. इतक्या सालानं ते बी इसरलो.

टिपर थांबला. पोट्ट्यानं खिडकीतून मुंडकं काढलं. "काका, अजून हातभर जागा हाये ना मांगं!"

"हाये," म्या म्हनलं. "ते याची हाये. तू तिथूनच खाली कर."